पेशी म्हातारी का होते?

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ६८. गेली वीस वर्षे माझ्याकडेच औषध घेतात. रक्तदाब पाहिला तर १७८/१०४. एरवी त्यांचा वरचा आकडा १४० च्या पुढे सहसा जात नाही. गोळ्या चालू आहेत ना, असे विचारले तर गुरुजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. शेवटी काकूंनीच सांगून टाकले, "अहो डॉक्टर, दोन महिने झाले, एक दिवसाआड घेतात. त्या नव्या कॅप्सूलचा खर्च बसवायचा म्हणून."

काकूंनी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. महिन्याचा खर्च २,८०० रुपये. सोबत गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक. त्यात लिहिले होते की, या कॅप्सूल पेशींतील पेरॉक्सिसोमना नवजीवन देतात आणि वार्धक्य थोपवतात. विकणारा गुरुजींचाच जुना विद्यार्थी. घरी येऊन पाया पडून डबी देऊन गेला. त्याला नाही कसे म्हणायचे?

"डॉक्टर, ते जाऊ द्या," गुरुजी म्हणाले. "मी विज्ञान शिकवलंय. हे पेरॉक्सिसोम खरंच असतात का, तेवढं सांगा."

असतात. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मला याहून फार काही सांगता आले नाही. आम्ही एम.बी.बी.एस.ला होतो तेव्हा या विषयाला पुस्तकात जेमतेम अर्धे पान होते आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. म्हणून मी गुरुजींकडे चार दिवसांची मुदत मागितली आणि वाचायला बसलो. वाचता वाचता रंगलो. गुरुजींना जे सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवतो, कारण तशी डबी आपल्यापैकी आणखी कोणाच्या कपाटात असेल.

सुरुवात ड्रेसिंगच्या खोलीपासून करू. जखम धुताना कंपाउंडर तपकिरी बाटलीतले औषध ओततो आणि पांढरा फेस फसफसून वर येतो, हे आपण पाहिले असेल. ते हायड्रोजन पेरॉक्साइड. पुष्कळांना वाटते की जंतू मरतात म्हणून फेस येतो. तसे नाही. आपल्या रक्तात आणि मांसात कॅटालेज नावाचे एक विकर असते. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामे झटपट उरकणारे प्रथिन. हे कॅटालेज पेरॉक्साइड दिसताच त्याचे पाणी आणि प्राणवायू करून टाकते. फेस असतो तो या प्राणवायूच्या बुडबुड्यांचा. त्याचा वेगही अफाट आहे. कॅटालेजचा एक रेणू एका सेकंदात पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. (जाता जाता सांगतो, साध्या जखमेला आता आम्ही हे औषध फारसे वापरत नाही. ते जंतूंबरोबर नव्याने भरून येणाऱ्या मांसालाही भाजते. स्वच्छ वाहते पाणी पुरते.)

आता प्रश्न असा की, शरीराने पेरॉक्साइड फोडणारे इतके जलद विकर बाळगलेच कशाला? आपण काही पेरॉक्साइड पीत नाही. उत्तर असे की ते आपल्या पेशीच तयार करतात, अगदी रोज.

१९५४ साली स्वीडनमधल्या योहानेस ऱ्होडिन या तरुण संशोधकाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत बारीक गोलसर पिशव्या दिसल्या. काम काय, ते कळेना. पुढे बेल्जियमचे क्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी उंदरांच्या यकृतातून तशा पिशव्या वेगळ्या काढल्या. त्यांना आढळले की पेरॉक्साइड तयार करणारी विकरे आणि ते फोडणारे कॅटालेज अशी दोन्ही मंडळी एकाच पिशवीत राहतात. म्हणून त्यांनी तिला पेरॉक्सिसोम हे नाव दिले. पेशीच्या अंतरंगाबद्दलच्या संशोधनासाठी द ड्यूव्ह यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक दोन शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळाले.

या पिशवीचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. यकृताच्या एकेका पेशीत त्या शेकड्यांनी असतात. त्यांच्याकडे काम कोणते? चुलीचे म्हणा ना. काही मेदाम्लांची साखळी इतकी लांब असते की पेशीच्या मुख्य भट्टीत, म्हणजे मायटोकाँड्रियात, ती जात नाही. मोठा ओंडका आधी फोडून मग चुलीत सारावा, तसे हे लांब मेद आधी पेरॉक्सिसोममध्ये तोडले जातात. दुधातुपातून येणारे फायटॅनिक आम्लही इथेच निकालात निघते. मेंदूच्या तंतूंवरच्या वेष्टणाला लागणारे काही खास मेद तयार करण्याची सुरुवातही इथूनच होते. हे करताना पेरॉक्साइड निघते, जसा चुलीतून धूर निघावा. तो धूर घरभर होऊ नये म्हणून चुलीच्या डोक्यावरच धुराडे बसवलेले आहे. ते धुराडे म्हणजे कॅटालेज.

एक मजेदार गोष्ट. उंदराच्या पेरॉक्सिसोममध्ये युरिक आम्ल फोडणारे विकरही असते. माणसाच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावले. म्हणून अंगठा सुजून लाल होणारा युरिक आम्लाचा संधिवात आपल्याला होतो, उंदराला होत नाही.

हा कारभार मुळातच बिघडला तर काय होते ते फार दुःखद आहे. झेलवेगर नावाच्या विकारात बाळाच्या पेशींत धड पेरॉक्सिसोमच तयार होत नाहीत. अशी बाळे बहुधा पहिले वर्षही पुरे करत नाहीत. दुसरा विकार अॅड्रिनोल्यूकोडिस्ट्रॉफी. यात पिशवी असते, पण लांब मेद तिच्यात शिरत नाहीत आणि मेंदूत साचतात. लोरेन्झो ओडोने या मुलाच्या आईवडिलांनी या आजाराशी दिलेल्या झुंजीवर १९९२ साली इंग्रजी चित्रपटही निघाला. आजार विरळा आहे, तरी पालकांसाठी एक ओळ लिहून ठेवतो. चार ते दहा वर्षांचा चांगला शिकणारा मुलगा अचानक अभ्यासात मागे पडू लागला, चालताना अडखळू लागला, नीट ऐकू किंवा दिसेनासे झाले, तर "लक्ष देत नाही" म्हणून रागावण्याआधी त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या.

आता म्हातारपणाकडे येऊ. १९६१ साली अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की माणसाच्या त्वचेसारख्या भागातल्या पेशी काचपात्रात वाढवल्या तर त्या साधारण पन्नासएक वेळा विभागतात आणि मग थांबतात. मरत नाहीत. नुसत्या बसून राहतात, पसरट होतात. म्हणजे म्हातारपण एकट्या माणसाला येते असे नाही, पेशीलाही येते. त्याआधी १९५६ साली डेनहॅम हार्मन यांनी मांडले होते की, शरीरात प्राणवायू वापरताना जे दाहक पदार्थ निघतात तेच पेशीला हळूहळू झिजवतात. लोखंडाला गंज चढावा तसे. पेरॉक्साइड याच बिरादरीतले.

मग म्हाताऱ्या पेशीत कॅटालेज कमी होते काय? मलाही तसेच वाटले होते. पण २००२ साली डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात स्टॅन्ली टर्लेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जे दिसले ते याहून वेगळे होते. वय झालेल्या पेशीत कॅटालेज असते. ते जागेवर नसते.

हे समजून घ्यायला पोस्टाचे उदाहरण घेऊ. पेरॉक्सिसोममधली विकरे पिशवीत तयार होत नाहीत, बाहेर तयार होऊन आत पोचवावी लागतात. बहुतेकांच्या शेपटीला तीन अमिनो आम्लांचा पत्ता लिहिलेला असतो. समजा, पिनकोडच. हा पिनकोड कसा सापडला तेही ऐकण्यासारखे आहे. १९८७ साली कॅलिफोर्नियात मूळचे भारतीय असलेले सुरेश सुब्रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला काजव्यात! काजवा ज्या विकराने उजेड पाडतो ते विकर त्याच्या पेरॉक्सिसोममध्ये असते. मृगाच्या आधी आपल्याकडे झाडे काजव्यांनी लखलखतात, तेव्हा त्या प्रत्येक ठिणगीमागे ही पिशवी असते, हे मला या वयात कळले.

हा पिनकोड वाचून माल पिशवीपर्यंत नेणारा पोस्टमनही असतो. पेक्स-५ नावाचे प्रथिन. बहुतेक विकरांचा पत्ता ठळक असतो. कॅटालेजचा मात्र निसर्गतःच पुसट, नेहमीच्या पिनकोडपेक्षा जरा वेगळा. तरुण पोस्टमनला तोही वाचता येतो. पेशीचे वय होते तशी या टपालाची व्यवस्था ढिली पडते. ठळक पत्त्याची पाकिटे तरी बरीचशी पोचतात, पुसट पत्त्याचे कॅटालेज आधी अडकते आणि बाहेर अंगणात फिरत राहते. चूल चालूच आहे, धुराडे मात्र अंगणात आडवे पडले आहे. मग धूर घरात साचणारच. साचलेले पेरॉक्साइड त्या पोस्टमनलाही आणखी निकामी करते, शेजारच्या मायटोकाँड्रियालाही पोळते, आणि चक्र सुरू होते.

याच मंडळींनी पुढे २००७ साली एक साधा उपाय करून पाहिला. त्यांनी कॅटालेजच्या शेपटीवरचा पुसट पत्ता काढून ठळक पत्ता जोडला. वयस्क पेशींतही ते आत जाऊ लागले आणि पेरॉक्साइड उतरले. म्हणजे प्रश्न मालाच्या तुटवड्यापेक्षा पत्त्याचा होता. कॅनडात २००४ साली एका सूक्ष्म कृमीवर उलटा प्रयोग झाला होता. पेरॉक्सिसोममधले कॅटालेज नसलेले कृमी लवकर म्हातारे होऊन मेले.

पण इथे मी गुरुजींना थांबवले, कारण ते लगेच म्हणाले, "म्हणजे कागदावर लिहिलंय ते खरंच की!" अर्धे खरे. आणि अर्धे खरेच जास्त महाग पडते. २००५ साली अमेरिकेत जन्मापासूनच जादा कॅटालेज असणारे उंदीर तयार करण्यात आले. ते कॅटालेज मायटोकाँड्रियात बसवले तेव्हा उंदीर सरासरी पाच महिने जास्त जगले. उंदराच्या दोन-अडीच वर्षांच्या आयुष्यात पाच महिने म्हणजे पुष्कळ. तेच कॅटालेज पेरॉक्सिसोममध्ये वाढवले तेव्हा फायदा अगदी माफक. तेव्हा पेरॉक्सिसोम ही म्हातारपणाची एकमेव किल्ली आहे, असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे. ती अनेक कड्यांतली एक कडी आहे.

माणसाचे काय? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानमध्ये कान-नाक-घशाचे डॉक्टर शिगेओ ताकाहारा यांनी ११ वर्षांच्या एका मुलीच्या तोंडातली सडलेली जखम शस्त्रक्रियेनंतर पेरॉक्साइडने धुतली. फेस आलाच नाही. रक्त काळपट पडले. तिच्या काही भावंडांचेही तसेच. तिच्या रक्तात कॅटालेज नव्हते. १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले तेव्हा जगाला ते कळले. असे लोक विशेष म्हणजे बहुतांशी धडधाकट असतात, कारण पेरॉक्साइड निस्तरणारी दुसरीही विकरे शरीरात आहेत. मात्र हंगेरीतल्या अशा कुटुंबांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळले. स्वादुपिंडाच्या इन्शुलिन करणाऱ्या पेशींत कॅटालेज मुळातच बेताचे असते, हे त्याचे एक कारण दिसते.

केसांबद्दल सांगितल्याशिवाय काकू उठणार नव्हत्या. कलपाच्या डब्यात दुसरी जी बाटली असते तिच्यात बहुधा पेरॉक्साइडच असते. केसाचा मूळ रंग उडवणे हा त्याचा धर्म. २००९ साली युरोपातल्या संशोधकांनी दाखवले की पांढऱ्या केसांत पेरॉक्साइड साचलेले असते आणि ते फोडणारे कॅटालेज जवळजवळ नसते. म्हणजे केस आतूनच धुवून निघतो. पांढऱ्या केसांचे हे एकमेव कारण नव्हे. रंग करणाऱ्या पेशींचा साठाच संपतो आणि आनुवंशिकताही असतेच. माझे वडील तिशीत पांढरे झाले होते, मीही झालो.

आता डबी. तिच्यावर बारीक अक्षरात तीन मुख्य घटक होते. पहिले कॅटालेज. कॅटालेज हे प्रथिन आहे. डाळीतले प्रथिन पोटात गेले की त्याचे तुकडे होऊन पचते, तसेच हेही पचते. ते अख्खे रक्तात जाऊन, तिथून पेशीत शिरून, पेशीतून पिशवीत जाऊन बसेल ही आशाच नको. पिशवीचा पोस्टमन पेशीतले स्वतःचे कॅटालेज पोचवू शकत नाही, तो डबीतले काय पोचवणार?

दुसरे 'ई' जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत. दाह कमी करणारे म्हणून विकतात. अमेरिका-कॅनडातल्या ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर झालेल्या पाहणीचा निष्कर्ष २०११ साली आला. रोज हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

तिसरे बीटा-कॅरोटीन. इथे मात्र मी डबी बाजूला ठेवली आणि गुरुजींना विचारले, "बिडी बंद आहे ना?" गुरुजी पुन्हा कॅलेंडरकडे. काकू म्हणाल्या, "मागच्या अंगणात चार होतात." फिनलंडमध्ये विड्या-सिगारेटी ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. ५० ते ६९ वयाचे, म्हणजे गुरुजींच्याच वयाचे. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिल्याने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निकाल लागला. कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. गाजर खाल्ल्याने असे होत नाही, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर उद्या बाजारात गाजरवाले माझ्या नावाने ओरडतील. हा दोष गोळीतल्या मोठ्या मात्रेचा, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या छातीचा.

चांगली वस्तू वाईट का ठरते? कारण पेरॉक्साइड नुसता शत्रू नाही. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. थोड्या प्रमाणात ते पेशीला निरोप देते. व्यायामाने स्नायूंत असे पदार्थ थोडे वाढतात आणि त्या धक्क्यानेच पेशी आपली संरक्षणव्यवस्था सुधारते. जर्मनीत २००९ साली ४० तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना 'सी' आणि 'ई' जीवनसत्त्वांच्या मोठ्या गोळ्या दिल्या. ज्यांना गोळ्या नव्हत्या त्यांच्यात इन्शुलिनचे काम सुधारले. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांच्यात ती सुधारणा दिसली नाही. पैसे देऊन व्यायाम वाया घालवला म्हणायचा.

सध्या बाजारात मिळणारी कोणतीही कॅप्सूल माणसाच्या पेरॉक्सिसोमचे टपाल दुरुस्त करत नाही. पेरॉक्साइड पाण्यात घालून पिण्याचा एक अघोरी उपायही मोबाईलवर फिरतो. तो प्राणघातक आहे. घशाला आणि पोटाला भाजते, रक्तात प्राणवायूचे बुडबुडे होऊन अडकतात. घरात कोणी प्यायले तर उलटी करवू नका, थेट रुग्णालयात न्या.

गुरुजींना मी हिशेब मांडून दाखवला. रक्तदाबाच्या गोळीला महिन्याला दीडशे रुपये, डबीला २,८००. पक्षाघात पेशीच्या म्हातारपणाची वाट पाहत नाही, तो एका सकाळी येतो. गोळी त्याच दिवशी रोजची सुरू केली. तीन आठवड्यांनी आले तेव्हा १४२/८६ होता. बिडी दोनवर आली आहे, असे गुरुजी म्हणतात. काकू काही बोलल्या नाहीत.

तो विद्यार्थीही एकदा येऊन भेटला. मुलगा लबाड नाही. स्वतःही घेतो, आईलाही देतो, वरच्या माणसाने सांगितले ते खरे मानतो. उरलेल्या चार डब्या परत घेतील का, हे विचारायला तो तालुक्याला जाणार होता. घेतल्या की नाही, ते अजून कळलेले नाही.

गुरुजींनी मात्र नातवंडांना जमवून मी सांगितलेला प्रयोग करून पाहिला. कच्च्या बटाट्याची एक चकती आणि उकडलेल्याची एक चकती घ्यायची. दोन्हींवर औषधाच्या दुकानातल्या पेरॉक्साइडचे चार थेंब टाकायचे. कच्च्यावर फसफसून फेस येतो, कारण बटाट्याच्या पेशींतही पेरॉक्सिसोम आणि कॅटालेज असते. उकडलेल्यावर काही होत नाही, उष्णतेने विकर मेलेले असते. घरी करणार असाल तर थेंब मोठ्या माणसाने टाकावेत, डोळ्यांपासून दूर राहावे, आणि बाटली झाल्यावर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर ती कधीच ओतून ठेवू नये.